डावीकडून तिसरी

चिंचकोठीला येणारा पाहुणा आधी रस्ता चुकतो. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यावर विचारलं तर तिथला माणूस भलत्याच गावाकडं बोट दाखवतो. आठ मैल आत, उघड्या माळावर, निजामाच्या काळातल्या जहागीरदाराची दोन मजली कोठी आहे, तिच्या मागं बाग आहे आणि आत चक्क संग्रहालय आहे, हे त्यालाही खरं वाटत नाही. जहागीरदार पोलीस ॲक्शनच्या साली हैदराबादला गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. मग कोठीत कधी लेव्हीचं धान्य साठवलं, कधी दुष्काळी कामाचं ऑफिस भरलं, आणि शेवटी सहकारी संस्थेनं ती ताब्यात घेतली. संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव यांच्या मनात आलं की आपल्या मागं काहीतरी राहावं. कारखाना काढायची ऐपत नव्हती, म्हणून संग्रहालय काढलं.

संग्रहालय म्हणजे सहा खोल्या. पहिल्या पाच खोल्यांत जहागीरदारांचं पानदान, काटे नसलेलं घड्याळ, शिकारीची बंदूक, बेगमेचा पलंग असा सगळा थाट. सहावी खोली मागच्या अंगाला, बागेकडं उघडणारी. तिच्यावर पाटी आहे, 'दुष्काळ आणि सहकार'. पाहुणे पलंगापर्यंत हौसेनं येतात, बंदुकीपुढं उभं राहून फोटो काढून घेतात आणि सहाव्या खोलीत डोकावून परत फिरतात. दुष्काळ काय, घरीही बघायला मिळतो.

या कोठीची झाडलोट, बागेचं पाणी आणि दाराची किल्ली, तिन्ही गोष्टी दगडाबाईकडं होत्या. दगडाबाई शहादेव वाघमारे, वय साठ. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूल झालंच नाही, भाऊ नोकरीच्या मागं औरंगाबादला गेला तो तिकडचाच झाला. बौद्धवाड्यात तिची एक खोली होती, पण त्या उन्हाळ्यात ती खोलीही तिला खायला उठली, म्हणून ती कोठीच्या पडवीतच निजायला लागली. दोन हजार सोळाचा उन्हाळा तो. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, ते फडावरून परत आलं आणि घरी टेकायच्या आत जनावरं घेऊन छावणीत जाऊन बसलं. गावात म्हातारे, कुलपं आणि कुत्री राहिली. कुत्र्यांनाही भुंकायला कुणी मिळेना.

बागेला आठवड्यातून एक टँकर यायचा. तेवढ्यात सगळी बाग कशी जगणार? दगडाबाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं की हिरवळ मरू द्यायची, गुलाब मरू द्यायचे, पण बकुळ आणि सात आंबे मरू द्यायचे नाहीत. संस्थेच्या ऑफिसातून फोन आला की ती सांगायची, "बाग बरी हाय." तिकडून कुणी बघायला येत नव्हतं, त्यामुळे बाग बरीच असायची.

आणि रोज सकाळी ती सहाव्या खोलीतल्या एका फोटोची काच पुसायची. बाकीच्या काचा आठवड्यातून एकदा, ही मात्र रोज.

फोटो त्र्याहत्तर सालातला. कोठीच्या मागच्या तळ्यातला गाळ दुष्काळी कामावर काढत होते, तेव्हाचा. कुणी साहेब पाहणीला आलेले, त्यांच्याबरोबर कॅमेरावाला. त्यानं नऊ बायांना डोक्यावर गाळाच्या पाट्या देऊन ओळीनं उभं केलं. आठ बायांनी पदर असा ओढलाय की नाकाच्या शेंड्यापलीकडं काही दिसत नाही. एकीनंच, डावीकडून तिसरीनं, ऐन वेळी मान वर केली. तिचं सगळं तोंड फोटोत आलंय. सतरा-अठराची पोर, गालफाडं वर आलेली, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे थेट समोर. फोटोखाली नावं आहेत. तिसरीखाली लिहिलंय, 'भिमाबाई त्रिंबक सानप'.

नावं गहिनीनाथ सरांनी लावली. रिटायर झालेले, जीव ओतून काम करणारे मास्तर. त्यांना कोठीच्या माळ्यावर जुना हजेरीपट सापडला. फोटोच्या मागं शाईनं लिहिलेलं होतं की बाया हजेरीच्या क्रमानं उभ्या केल्यात, खाली तारीखही होती. सरांनी भिंग घेऊन त्या दिवसाची हजेरी वाचली, नावं काढली आणि एकेकीखाली नाव लावलं. यात त्यांची काय चूक? हजेरीपट खोटा असू शकतो, हे ज्यानं दुष्काळी कामावर पाटी उचलली त्यालाच माहीत. तिथं नाव एकीचं असायचं आणि पाटी दुसरीच उचलायची. तीन दिवस खाडा झाला की नाव कटायचं, आणि नाव कटलं की कामावर रोज मिळणारं कोरडं खाणं, सुकडी, बंद. मग आजारी बाई आपल्या जागेवर कुणालातरी उभी करायची. मुकादम बन्सी तोंड पदराआड असलं की खाली बघत नाव पुकारायचा, आणि 'हजर' असा आवाज आला की पुढं जायचा. त्यालाही पोरंबाळं होती.

तर डावीकडून तिसरी म्हणजे भिमाबाई नव्हती, दगडाबाई होती.

हे आता जगात एकटी दगडाबाई जाणत होती. सरांनी फोटो टांगला तेव्हा ती स्टूल धरून खाली उभी होती. सर वरून म्हणाले, "बघ दगडाबाई, काय डोळे आहेत या बाईचे!" दगडाबाईनं मान हलवली. आधी भीती वाटली. दुसरीच्या नावावर हजेरी दिली म्हणून धरून नेतात, असं बन्सीनं तेव्हा बजावलेलं होतं, आणि ते भय त्रेचाळीस वर्षांत गेलं नव्हतं. मग भीती गेली आणि लाज उरली. आपला असा एकच फोटो जगात, तोही काचेआड, आणि त्याच्याखाली नाव परक्याचं. आधार कार्डावर एक फोटो होता खरा, पण तो कुणाचाही चालला असता.

त्या दिवशी, चैत्र अर्धा सरला होता, दुपारी बाराच्या उन्हात एक बाई चालत कोठीच्या फाटकाशी आली. पंचेचाळीसच्या आसपासची, नऊवारी नीटनेटकी, हातात कापडी पिशवी. जीपवाल्यानं फाट्यावर सोडलेलं. दगडाबाईनं तिला आधी पाणी दिलं. पाणी पिऊन बाई म्हणाली, "मावशी, मी उमापूरहून आले. मपल्या जावंचा भाऊ हितल्या छावणीत हाय. त्यानं सांगितलं, कोठीत मपल्या मायचा फोटू हाय म्हणून."

"कोन माय?" दगडाबाईनं विचारलं.

"भिमाबाई. भिमाबाई त्रिंबक सानप. मी तिची वत्सला."

दगडाबाई तिच्याकडं बघतच राहिली. वत्सी! तीन वर्षांची, नागडी, केस पिंजारलेली वत्सी, जी उंबऱ्यावर येऊन दोन्ही हातांची ओंजळ करून उभी राहायची आणि दगडाबाई वरूनच त्या ओंजळीत सुकडी टाकायची. भिमाबाईचं आणि तिचं ठरलं होतं तसं. पोट पडलं तेव्हापासून भिमाबाईचा ताप उतरत नव्हता, नवरा फडावर गेलेला. दगडाबाई तेव्हा मावशीकडं राहायला आलेली, वय भरत नाही म्हणून तिचं नाव हजेरीवर घेतलं नव्हतं. भिमाबाईच म्हणाली, "मपल्या नावावर उभी राहा गं. निम्मी सुकडी तुला, निम्मी मपल्या पोरीला." मग रोज दिवेलागणीच्या आधी दगडाबाई सानपांच्या घरापुढं जायची. उंबऱ्याच्या आत जायचं नव्हतं. ते कुणी सांगावं लागत नव्हतं.

"ये," दगडाबाई म्हणाली. "दावते."

पहिल्या पाच खोल्यांतून वत्सला भराभरा चालत गेली. बेगमेच्या पलंगाकडं तिनं पाहिलंही नाही. सहाव्या खोलीत दगडाबाईनं खिडकी उघडली. वत्सलाला वाचता येत होतं, तिनं नावांवरून बोट फिरवत नेलं, तिसऱ्या नावावर थांबवलं आणि मग मान वर करून त्या तोंडाकडं पाहिलं.  मग तिच्या घशातून आवाज आला तो पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा नव्हताच.

"माय गं," ती म्हणाली. "माय, माय गं माय."

काचेला कपाळ लावून ती रडली. दगडाबाई तिच्या मागं दोन हातांवर, फडकं मुठीत आवळून उभी. साठ वर्षांत तिला कुणी माय म्हटलं नव्हतं. काकू, मावशी, दगडे, बाई, सगळं म्हणून झालेलं. आणि आज एक लेकुरवाळी बाई तिच्याच तोंडाला मिठी घालून माय म्हणत होती, फक्त ते तोंड समोरच्या भिंतीवर होतं. दगडाबाईला मायेनं भरून आलं आणि त्याच वेळी आपण चोरी करतोय असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

वत्सलानं डोळे पुसले, वळून पाहिलं. थेट दगडाबाईच्या तोंडाकडं पाहिलं. ओळख नाही. कशी पटणार? त्रेचाळीस वर्षांचं ऊन मध्ये गेलेलं. ती म्हणाली, "मावशी, तुमी हितल्याच ना? तुमी वळखत व्हता का मायला?"

"व्हय. एका पाळीत व्हतो."

"मंग सांगा की. मला कुनीच काही सांगत न्हाई. बाप फडावरून आलाच न्हाई, तिकडंच दुसरी केली. मामानं नेलं मला. मामाला इचारलं की तो म्हनायचा, बरी व्हती. बरी व्हती म्हंजे काय?"

दोघी बागेत आल्या. बकुळीखाली तेवढी सावली होती. तिथं बसून दगडाबाईनं जे जे खरं होतं ते सांगितलं. भिमाबाई डावरी होती, पाटी डाव्या हातानं उचलायची म्हणून ओळीत तिच्या शेजारणीची पंचाईत व्हायची. चुंबळ जुन्या धोतराची करायची आणि दुसऱ्या कुणाला देत नसे. बोलायची कमी, पण बन्सी मुकादमाची नक्कल केली की सगळं तळं हसायचं. मिलोची, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीची, भाकर घशाखाली उतरत नाही म्हणून ती पाण्यात कुस्करून लेकीला भरवायची, आणि लेक थुंकली की रागवायची नाही, पुन्हा भरवायची. वत्सला एकेक गोष्ट घेत होती आणि मध्येच आपल्या डाव्या हाताकडं बघत होती. तिनं मघाशी पाण्याचा तांब्या डाव्या हातानंच धरला होता. नाक तेच, हनुवटीवरची खळी तीच. भिमाबाई जगली असती तर अशीच दिसली असती, हे दगडाबाईला फाटकातच दिसलं होतं.

"आन् गेली कशी?" वत्सलानं विचारलं.

दगडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "म्या सुकडी घिऊन आलते. तू उंबऱ्यावर आली न्हाईस. म्या हाका मारल्या. आतून तुजी माय म्हनली, पानी. म्या आत गेले. रांजणातलं पानी तिला पाजलं. तू तिच्या कुशीत निजलीवती. दोन घोट पिली, मंग तिसरा बाहीर आला."

 मग वत्सलानं विचारलं, "तुमी कोन्या आळीच्या, मावशी?"

"बौद्धवाड्यातली."

वत्सला जमिनीकडं बघत राहिली. उमापूरला तिच्या सासूच्या काळातलं घर, तिथले नियम, तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते तिचं तिला ठाऊक. दगडाबाईला त्या गप्प बसण्याची सवय होती. जन्मभर लोकांनी हा प्रश्न विचारला होता आणि जन्मभर पुढं असंच थांबणं आलं होतं. पण वत्सला उठली, वाकली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"शेवटचं पानी तुमच्या हातचं," ती म्हणाली. "अजून काय पायजे."

त्या वेळी सांगून टाकावं असं दगडाबाईला फार वाटलं. शब्द जिभेवर आले होते. भिमाबाई गेली त्याला त्या फोटोच्या दिवशी पाच दिवस झाले होते. नाव कटलं नव्हतं, कारण ती मेल्याचं बन्सीनं वर कळवलंच नव्हतं. कारण वत्सीला अजून मामा न्यायला आला नव्हता आणि सानपांची शेजारीण म्हणाली होती, तोवर पोरीच्या वाट्याची सुकडी चालू राहू दे. म्हणून दगडाबाई सहाव्या दिवशीही ओळीत उभी राहिली आणि मेलेल्या बाईच्या नावाला हजर म्हणाली. कॅमेरावाल्यानं डोकी खाली घाला, पदर नीट घ्या, असं काहीतरी सांगितलं, तेव्हा तिनं मान वर केली. का केली ते तिलाही सांगता आलं नसतं. निदान कुणीतरी बघावं की ही भिमाबाई नाही, असं वाटलं असेल.

पण वत्सला पिशवीतून मोबाईल काढत होती. "मघाच्याला रडत व्हते, फोटू काढायचा राह्यला. थांबा जरा." ती आत गेली आणि आली तेव्हा तिचं तोंड उजळलेलं होतं. तिनं मोबाईल दगडाबाईपुढं धरला. काचेवर खिडकीचा उजेड पडलेला, पण तोंड स्पष्ट होतं.

"गेवराईला दिऊन मोठा करते, फ्रेम घालते," वत्सला म्हणाली. "मावशी, तुमाला काय सांगू. मायला ल्योक न्हाई. तिचं पितर कोन घालनार? म्हनून मीच सर्वपित्रीला सासऱ्याच्या ताटाशेजारी तिचं एक ताट वाढते. सासू हुती तवर बोलायची, माहेरचं मढं कावून जेवू घालतीस म्हनून. म्या ऐकलं न्हाई. पन ताट वाढून बसले की काईच दिसत न्हाई वो डोळ्यापुढं. कुनाला बोलवावं, कसं तोंड आनावं? नुसतं नाव घ्यायचं. ह्या वर्सी तोंड हाय."

जीप यायला अजून अर्धा तास होता. अर्धा तास पुष्कळ असतो. तेवढ्यात सगळं सांगता आलं असतं, आणि सांगून झाल्यावर वत्सलाला समजूत घालायलाही वेळ उरला असता. तुझ्या मायचं तोंड बघायचं तर आरशात बघ, एवढं एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं, आणि ते खरं असतं. दगडाबाई बोलली नाही. भीती नव्हती, लाज नव्हती, वत्सलाचं मन मोडेल एवढीच काळजी होती असं म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं. खरं हे होतं की तिला ते ताट हवं होतं. आपण मेल्यावर कुणी दिवा लावणार नाही, कुणी नाव घेऊन डोळे पुसणार नाही, हे तिनं शहादेव गेला त्या दिवशीच समजून घेतलं होतं. आणि आता उमापूरला एका घराच्या भिंतीवर तिचं तोंड लागणार होतं, त्याला हार घातला जाणार होता. ज्या उंबऱ्याबाहेर तिनं ओंजळीत वरून सुकडी टाकली, त्या घरच्या लेकीच्या घरात, थेट आत. एवढं मोठं काहीतरी आयतं हाताशी आलं आणि तिनं हात मागं घेतला नाही.

"सर्वपित्रीला या मावशी," जाताना वत्सला म्हणाली. "मपल्या घरी. तुमी जेवलात तर माय जेवल्यावानी हुईल."

"यीन," दगडाबाई म्हणाली.

फाट्यावरून जीप धूळ उडवत गेली. दगडाबाई फाटकात उभी राहिली, मग बकुळीला पाणी घालायला गेली.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला तो कोसळला. तळं भरलं. मेलेली म्हणून सोडून दिलेली हिरवळ उगवून आली. गाव छावणीतून परतलं, ऊसतोडीच्या आगाऊ उचली घेऊ लागलं. संस्थेच्या ऑफिसातून माणूस आला, फोटो काढून गेला आणि बाग बरी आहे म्हणाला. सर्वपित्रीच्या अवसेला वत्सलाचा दोनदा फोन आला. दगडाबाईनं तो उचलला नाही.

त्या दिवशी सकाळपासून तिला काही सुचत नव्हतं. तिच्या घरी पितरं घालणं छप्पन साली बंद झालेलं, ती तेव्हा अंगावर पीत होती. तरी तिनं दिवस मोजला होता. बारा वाजता ती बकुळीखाली बसली. आता तिकडं पुरण शिजलं असेल, कढी झाली असेल, भजी तळली असतील. आता ताट वाढलं असेल. आता वत्सला फोटोपुढं हात जोडून बसली असेल, डोळे मिटायची गरज नाही, तोंड समोर आहे. सुखानं भरून यायला हवं होतं. पण तिच्या मनात भलतंच आलं.

ते ताट आपल्याला गेलं. आपण तर जिवंत आहोत, इथं बसलोय, आपल्याला भूक लागलीय. मग भिमाबाई? इतकी वर्षं ती बिनतोंडाची का होईना पण नावानं जेवत होती. यंदा ती दारात येऊन उभी राहिली असेल, तर तिच्या जागेवर भलतीच कुणी बसलेली तिला दिसली असेल. आणि भिमाबाई भांडणारी नव्हती. ती मुकाट्यानं मागं फिरली असेल.

दगडाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. दोन भाकरी होत्या आणि कोरड्यास. तिनं बकुळीची पडलेली पानं बाजूला केली, एक भाकर नीट मांडली, वर कोरड्यास वाढलं, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. असलं काही करायचं नसतं, हे तिला कळत होतं.

"भिमाबाई, हिकडं ये," ती म्हणाली. "तुजं ताट म्या घेतलं. तू मपलं खा."